फार्माचा पेपर आणि औषधांची ट्रॉली

सगळ्यात अवघड विषय कुठला, असं आमच्या बॅचमध्ये कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: फार्मा, म्हणजे औषधशास्त्र. बीएस्सी नर्सिंगच्या सेमिस्टर पद्धतीत तिसऱ्या सेमिस्टरला त्याचे २० तास आणि चौथ्याला ६० तास. तिसऱ्यात जे सर आले त्यांचा विषय पक्का होता, पण डॉक्टर होणाऱ्यांना शिकवावं तसं ते आम्हाला शिकवायचे. रिसेप्टर, एन्झाइम, स्लाइडमागून स्लाइड. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं, हे मी पाठ केलं आणि पेपरात उतरवलं. पण गोळी देण्याआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसाचे ६०च्या खाली भरले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं. नर्सला रोज लागतं ते हेच.

चौथ्या सेमिस्टरच्या मॅडम स्वतः वॉर्डात वर्षं काढून आलेल्या. एके दिवशी त्यांनी टेबलावर इन्शुलिनची बाटली ठेवली आणि शेजारी दोन सिरिंज, एक लाल टोपणाची, एक केशरी. बाटली हातोहात फिरवली. लेबलवर एका मिलीत ४० युनिट.

"२० युनिट द्यायचंय. केशरीत २०च्या रेघेपर्यंत भरलंत, तर पेशंटला किती गेलं?"

कुणालाच सांगता येईना. केशरी सिरिंज १०० युनिटवाल्या औषधाची. तिच्यात २०ची रेघ म्हणजे ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट. उलट, १००चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०पर्यंत भरलं तर ५० युनिट! त्या पेशंटचं काय होईल, ते आम्हीच बोलून दाखवायचं होतं. आजही ट्रॉलीवर सिरिंज उचलताना माझी नजर आधी टोपणावर जाते.

सेमिस्टर संपल्यावर अभिप्राय मागितला तेव्हा वर्गात दोन तट पडले. बऱ्याच जणींना सरांच्या नोट्सच हव्या होत्या, कारण पेपरात 'टीप लिहा' येतं आणि मार्क त्यालाच मिळतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. शिवाय सरांचं शिकवणं वाया गेलेलं नाही. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन का बाधतं, हे मला त्या पंपामुळेच उमगलं, आणि म्हणून लघवीवाटे पोटॅशियम घालवणारं फ्युरोसेमाइडही चालू असलेल्या पेशंटचा रिपोर्ट मी आधी बघते. मी लिहून दिलं, की दोघांनी मिळून एकच तास घ्यावा.

आणखी एक लिहिलं. गोव्यातल्या पेडण्याकडच्या एखाद्या आजीने "बाय, ही गोळी कसली गो?" विचारलं, की इंग्रजीत पाठ केलेलं काहीच उपयोगी पडत नाही. तिला कोकणी-मराठीत काय सांगायचं, याचाही सराव वर्गात करून घ्यावा. आणि पेपरात निदान एक प्रश्न असा यावा: हे औषध देण्याआधी तुम्ही काय तपासाल? तसं झालं तर नोट्स मागणाऱ्या मुलीही आपणहून ट्रॉलीपाशी येऊन उभ्या राहतील.