दहाचे सात

आमच्या गोल्फ क्लबात रविवारच्या स्टेबलफोर्डला (होलागणिक गुण देणारी स्पर्धा, जास्त गुणवाला जिंकतो) एका सभासदानं ४४ गुण काढले आणि चहा यायच्या आत 'हँडिकॅप फुगवलाय' ही कुजबुज सुरू झाली. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची, सूट. खासबागेत कुस्तीची जोड विजोड लागली की लोक जोड लावणाऱ्याला बोल लावतात, इथं थेट खेळणाऱ्याला. हँडिकॅपचं काम माझ्याकडं, म्हणून सोमवारी त्याच्या आधीच्या वीस फेऱ्यांची कार्डं काढली. (माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदललेत.)

इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा मूळ आकडा, १८.४. आमचं कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला लागावेत ते फटके) ६९.४, स्लोप (सामान्य खेळाडूला मैदान किती जड त्याचा आकडा, प्रमाण ११३) ११८, पार (मैदानाचे ठरलेले फटके) ७०. १८.४ ला ११८ नं गुणून ११३ नं भागायचं, त्यातून रेटिंग आणि पारमधला ०.६ चा फरक वजा: १८.६. स्पर्धेला त्याचे ९५ टक्के, म्हणजे १८ स्ट्रोक. गडी ८० फटक्यांत आला, स्ट्रोक वजा जाता निव्वळ ६२. इथवर चूक नाही.

त्या ८० चं डिफरन्शियल (रेटिंग आणि स्लोप धरून काढलेला त्या फेरीचा आकडा) १०.२, इंडेक्सच्या ८.२ खाली. फरक ७ ते ९.९ असला की सिस्टिम इंडेक्स आपोआप १ नं कापते, १० किंवा जास्त असला की २ नं. कमिटी तेवढ्यावर खूश होती. पण इंडेक्स म्हणजे शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ डिफरन्शियलांची सरासरी. बारा फेऱ्या मुद्दाम घालवल्या तरी चांगल्या आठ उरतातच. एवढी चिकाटी या माणसात नाही.

मग एक ९७ चं कार्ड हाताला लागलं. पाचव्या स्ट्रोक इंडेक्सच्या (म्हणजे अवघडपणात पाचव्या) पार ४ च्या होलला दहा, एका पार ३ ला आठ, सगळ्यात अवघड पार ४ ला नऊ. हँडिकॅपसाठी कुठल्याही होलला पार अधिक दोन अधिक तिथं मिळणारे स्ट्रोक, याच्यावर धरायचंच नाही. त्या दिवशी त्याला १९ स्ट्रोक होते: प्रत्येक होलला एक, अवघडाला दोन. म्हणजे दहाचे सात, आठाचे सहा, नऊचे आठ. ९७ चे ९१, आणि डिफरन्शियल २६.४ वरून २०.७.

कॉम्प्युटरवर ९७ च होते. होलवार आकडे भरले असते तर ही कापाकापी सिस्टिमनंच केली असती, पण अठरा चौकोन भरण्यापेक्षा एक बेरीज टाकणं सोपं. "साहेब, बेरीज बरोबर आहे की!" ऑफिसातला पोरगा म्हणाला. होतीच बरोबर. त्याला शिकवायचं कुणी, हे कमिटीनं कधी ठरवलंच नव्हतं.

वीसही कार्डं होलवार भरली. इंडेक्स १६.१ आला. आता ते ८० फक्त ५.९ नं खाली, म्हणजे कापलेला १ ही गैरलागू. स्ट्रोक १५, गुण ४१.

दुसऱ्या नंबरचे ४२ होते. पण त्याचीही कार्डं याच पोरानं भरलीत, तीही बेरजेनंच. ट्रॉफी अजून कपाटात आहे.