आमच्याकडे तर वाजते!

पहिली ऑर्डर बारा सीडींची होती. त्यातल्या अकरा परत आल्या. बारावी आली नाही, कारण ती ज्यांना मिळाली त्यांच्या घरी प्लेअरच नव्हता.

लोकांच्या रेकॉर्डिंगच्या सीडी करून द्यायच्या या उद्योगाचं भांडवल म्हणाल तर एक कॉम्प्युटर, त्यात नवाकोरा सीडी रायटर, आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ. ताई गाण्याचे क्लास घेते आणि मला यंत्रांचा नाद. वर्षभर ती क्लासमध्ये मुलांचं गाणं रेकॉर्ड करायची. पालकांना आपापल्या मुलाची निवडक गाणी हवी होती, म्हणजे बारा मुलं, बारा वेगळ्या सीडी. मी दोन रात्री जागून त्या केल्या, एकूण एक आमच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. झकास वाजल्या. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "प्लेअरवर 'नो डिस्क' येतंय हो." मी प्रत्येकाला तेच ऐकवत होतो, "आमच्याकडे तर वाजते!" चौथ्या फोनला ताईने रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "परत पाठवा, करून देतो."

चूक माझीच, आणि ती एका टिचकीची. सीडीवरची नोंद मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि वळसे घेत बाहेरच्या कडेकडे जाते. अगदी आतल्या बाजूला अनुक्रमणिका असते: ट्रॅक किती, कुठला कुठे सुरू होतो. ती सीडी 'बंद' केल्यावर, म्हणजे फायनलाइज केल्यावरच लिहिली जाते. मी मात्र 'पुढे आणखी गाणी घालता येतील' या पर्यायावर टिचकी मारून ठेवली होती. उरलेली जागा वाया कशाला घालवायची, हा आपला काटकसरी विचार. रायटर स्वतःपुरती एक कच्ची नोंद वेगळी ठेवतो, म्हणून त्याला सगळं दिसतं. साध्या प्लेअरला ती वाचता येत नाही. त्याच्या लेखी सीडी कोरीच.

अकरा सीडी बंद करून परत दिल्या. त्या गडबडीत एका पालकांनी टाकायला काढलेला छोटा प्लेअर आम्हाला देऊन टाकला. त्याचं झाकण नीट लागत नाही, आणि झाकण उघडं राहिलं की तो फिरतच नाही, म्हणून वरून रबरबँड लावावं लागतं. तेव्हापासून आमच्याकडे वाजते म्हणजे या प्लेअरवर वाजते.

कामं यायला लागल्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो हिशोब समजावण्यात. "अहो, सीडी ७०० एमबीची, माझी गाणी सगळी मिळून २०० एमबी, मग तुम्ही निम्म्याहून जास्त गाळलीत कशी?" प्रश्न रास्त आहे. पण ऑडिओ सीडीवर एमबी मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची असतात, आणि ती ८०. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डाव्या आणि उजव्या कानाचा वेगळा. एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. तेच मिनिट एमपीथ्रीमध्ये सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने जेमतेम १ एमबीत बसतं, कारण कानाला कमी जाणवणारा भाग तिथे काढून टाकलेला असतो. ऑडिओ सीडी करताना ते गाणं पुन्हा मूळ मापाला फुगवावं लागतं. जागा पूर्ण खातं, पण गेलेला भाग काही परत येत नाही.

मग लोक म्हणायचे, एमपीथ्रीचीच सीडी द्या. तिच्यावर बारा तासांची गाणी मावतात, पण जुना प्लेअर तिला हात लावत नाही. आणि ज्यांवर ती वाजते त्यांतले बरेच प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावतात. १ नंतर १०, मग ११, मग कधीतरी २. आम्ही फाइलच्या नावाआधी ०१, ०२ घालायला शिकलो ते एका गृहस्थांनी अख्खा संच उलटासुलटा ऐकल्यावर. त्यांना तो तसाच आवडला होता, ही गोष्ट वेगळी.

रायटरने आम्हाला सुरुवातीला फार छळलं. सीडी लिहिताना लेझर चालू राहतो आणि त्याला मागून सतत माहिती पुरवावी लागते. कॉम्प्युटर क्षणभर अडखळला, पुरवठा तुटला, की ती सीडी गेली. स्क्रीनसेव्हर बंद, फोनचं मोडेम बंद, खोलीत कोणी पाऊलही वाजवायचं नाही असा माझा दंडक होता. (पावलांनी काही होत नाही हे मला माहीत होतं. पण घाबरलेला माणूस नियम करतो.) २००० साली सान्योने पुरवठा तुटला तर थांबून तिथूनच पुढे लिहिण्याची सोय आणली, मग इतरांच्या रायटरमध्येही तशी सोय आली, आणि आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. वाया गेलेल्या सीडी गॅलरीत दोरीला टांगल्या. कबुतरं दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवशी त्याच दोरीवर बसली.

यंत्राचं काम माझं. पण गिऱ्हाईक टिकलं ते ताईच्या कानामुळे.

एकदा एका मैफिलीचं अखंड रेकॉर्डिंग आलं. मी ते गाण्यागाण्यांवर तोडलं आणि सीडी केली. ताईने रबरबँडवाल्या प्लेअरवर लावली. पहिलं गाणं संपलं, टाळ्या कडकडाटात सुरू झाल्या, आणि मध्येच ठार शांतता. दोन सेकंद. मग टाळ्या पुन्हा, जणू सभागृहातल्या सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायला हात थांबवले होते. ताई हसतच सुटली. रायटर एकेक ट्रॅक सुटा लिहीत होता, आणि तशा पद्धतीत दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची पोकळी पडते. अख्खी सीडी एका दमात लिहायची पद्धत वेगळी असते, ती निवडून मधलं अंतर शून्य करावं लागतं. ट्रॅकचा सांधा टाळ्या ओसरल्यावर टाकायचा हेही तेव्हाच ठरलं. वेगवेगळ्या ठिकाणची गाणी एकत्र करताना मात्र ताई ती पोकळी मुद्दाम ठेवते. संथ गाण्यानंतर चार सेकंद, हलक्याफुलक्यानंतर एक. "ऐकणाऱ्याला बाहेर यायला वेळ दे की रे," म्हणते.

आवाजाच्या पातळीवरून आमची खरी भांडणं झाली. प्रोग्राममध्ये 'नॉर्मलाइज' नावाचं बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक गाण्यातला सगळ्यात मोठा क्षण कमाल मर्यादेला आणून ठेवलेला असतो. मला वाटलं, सगळी गाणी सारखी झाली. ताईने ऐकलं आणि म्हणाली, "तिसरं गाणं कुठे गेलं?" त्या गाण्यात कोणीतरी मायक्रोफोनजवळ एकच टाळी वाजवली होती. यंत्राने त्या टाळीला मर्यादा धरली, आणि बिचारा गाणारा तिच्याखाली कुजबुजत राहिला. कानाला सारखं वाटायचं तर सरासरी जुळवावी लागते, टोक नाही. आता मी आकड्यांनी जवळपास आणतो, शेवटचा हात ती डोळे मिटून फिरवते. मीटर बघू देत नाही.

कॅसेटची कामं पुढे आली आणि त्यांनीच आम्हाला सांभाळलं. घरातल्या थोरांचं गाणं, क्लासमधली जुनी रेकॉर्डिंगं. इथे घाई चालत नाही: साठ मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला साठ मिनिटंच लागतात. आधी कॅसेट डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायचं. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू केसाएवढा फिरवत, आवाज जिथे सगळ्यात मोकळा होईल तिथे थांबायचं, कारण प्रत्येक कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचा कोन थोडा वेगळा असतो. फितीची फुसफुस काढायची साधनं आहेत, ती मी एके काळी भरपूर वापरली. एका आजींचं गाणं इतकं स्वच्छ केलं की त्यांच्या मुलाला आवाज ओळखू येईना. तेव्हापासून थोडी फुसफुस आम्ही राहू देतो.

एक काम नाकारल्याचं सांगितलं पाहिजे. बाजारातल्या सीडींवरून गाणी निवडून शंभर प्रती काढून द्या, असं एक जण सांगत आले. म्हणाले, सीडी मी विकत घेतल्यात. सीडी घेतली म्हणजे गाण्याच्या प्रती विकायचा हक्क मिळत नाही. तो गाणं करणाऱ्यांकडे आणि कंपनीकडे असतो. काम मोठं होतं, हात रिकामे होते, आणि मी मोहात पडलोही होतो. ताई म्हणाली, "उद्या आपल्या पोरांची गाणी कोणी अशी विकली तर?" विषय संपला. तेव्हापासून फक्त लोकांची स्वतःची रेकॉर्डिंगं.

सीडीच्या वरच्या बाजूला लोक बिनधास्त वागतात आणि खालची चकचकीत बाजू मात्र जिवापाड जपतात. खरं तर उलट पाहिजे. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, माहिती त्याच्यावर, वरच्या छापील बाजूला अगदी खेटून असते. तिथे बॉलपेनने जोरात नाव लिहिलं की ओरखडा थेट गाण्यात जातो. कागदी लेबलंही आम्ही सोडली. एका बाजूला जरा सरकलं की सीडी डुगडुगत फिरते, आणि एकदा चिकटलेलं लेबल काढायला जाल तर चंदेरी थरासकट निघतं. आता मऊ टोकाच्या मार्करने लिहितो आणि यादी कव्हरवर छापतो.

बहुतेक नव्या कॉम्प्युटरमध्ये सीडी ड्राइव्हच नसतो, त्यामुळे हल्ली सीडीबरोबर फाइलही देतो. मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे दोन हार्ड डिस्कवर राहतं. पहिल्या वर्षी तसं नव्हतं. तेव्हाच्या हार्ड डिस्कवर जागा इतकी कमी, की काम झालं की मी फाइली पुसून टाकायचो.

गेल्या वर्षी एक तरुण आला. हातात कव्हरविना सीडी, तिच्यावर माझं अक्षर. बारावी. त्याच्या आई-वडिलांनी ती खिडकीजवळच्या फळीवर उभी करून ठेवली होती, शोभेची म्हणून. एवढ्या वर्षांत एकदाही वाजली नव्हती, आणि फायनलाइजही झालेली नव्हतीच. जुन्या रायटरने ती ओळखली. बंद करण्याआधी मी सगळ्यात कमी वेगावर तिच्यावरचं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. सात गाणी सुखरूप आली. आठवं सगळ्यांत बाहेरच्या बाजूला होतं, ऊन त्या बाजूने लागलेलं. निम्म्यावर करकर सुरू झाली आणि पुढे काही वाचता आलं नाही. त्याला विचारलं, आठवं नको ना घालायला? तो म्हणाला, घाला, जेवढं आहे तेवढं. ताईने करकर सुरू व्हायच्या आधी, ओळ पुरी होते तिथे, आवाज हळूहळू उतरवला. नवी सीडी त्या रबरबँडवाल्या प्लेअरवर लावली, आणि तो तिथेच स्टुलावर बसून आठही ऐकून गेला.