आमची वाटचाल : पत्रिका, मिठाईचे खोके आणि बँडची जॅकेटं

नारायण पेठेतली आमची प्रेस सुरुवातीला लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मिठाईचे खोके छापायची. क्रीझिंग (घडीची रेघ पाडणं), पंचिंग (साच्याने कापणं), फॉइल (चमकदार पन्नी उठवणं), पेस्टिंग (चिकटवणं) या सगळ्यांत हात बसला तो खोक्यांमुळे. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, गावात स्वतःची गाणी करणारे बँड वाढले आणि स्टॉलवर विकायला सीडी, मग कॅसेट, आता एलपी (मोठ्या रेकॉर्ड) यांच्या वेष्टनांची कामं येऊ लागली. एका वेळी ३०० नग, फार तर ५००. मोठ्या प्रेसना एवढ्याशा ऑर्डरीत रस नसतो. आमचं मात्र आज मुख्य काम हेच आहे.

बँड येतो तो चित्र घेऊन. आम्ही आधी गाणी लावायला सांगतो आणि टेबलावर बोर्डाचे नमुने मांडतो, कारण अल्बम हातात घेणाऱ्याच्या बोटांना पोत आधी कळतो, चित्र नंतर. घरात रेकॉर्ड केलेलं, गिटार आणि आवाज एवढंच असलेलं संगीत ग्लॉस लॅमिनेशनमध्ये घातलं की सिनेमाच्या सीडीसारखं वाटतं. त्याला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) अनकोटेड, म्हणजे लेप नसलेला बोर्ड आणि दोन रंग पुरतात, लॅमिनेशन नकोच. सिंथेसायझरवरचं, मोजूनमापून रचलेलं संगीत असेल तर ३५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन आणि भरपूर मोकळी जागा. पंक बँडला क्राफ्टवर (तपकिरी कागदावर) स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई) शोभतं, शाईचा थर हाताला लागतो. क्राफ्टवर फोर कलर ऑफसेट मात्र करू नये. ऑफसेटची शाई पारदर्शक असल्याने खालचा तपकिरी रंग वर येतो आणि चेहरे मातकट होतात. पांढरा हवाच असेल तर स्क्रीनने त्याचे दोन हात द्यावे लागतात.

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्ससाठी पीटर सॅव्हिलने १९७९ साली केलेलं जॉय डिव्हिजन या बँडचं कव्हर बहुतेक तरुण डिझायनर संदर्भ म्हणून दाखवतात. खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशातली पल्सारची (स्पंदन करणाऱ्या ताऱ्याची) आकृती, मुळात पांढऱ्यावर काळ्या रेषांची. त्याने ती उलटवून काळ्यावर पांढरी केली, पोत असलेला कागद घेतला आणि दर्शनी बाजूला बँडचं नावच ठेवलं नाही. आकृतीची नक्कल सगळे करतात. कागद आणि गाळलेलं नाव, या दोन निर्णयांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि खरा धडा तिथेच आहे.

काळा रंग इंडी (स्वतंत्र) बँडचा लाडका, आणि सर्वांत जास्त कामं त्यानेच बिघडतात. नुसता शंभर टक्के काळा मोठ्या पृष्ठभागावर करडा दिसतो. म्हणून आम्ही सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० टक्के घेतो. बेरीज २४०. अनकोटेड बोर्डावर याच्या फार पुढे गेलं की शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला लागते. या चार रंगांच्या काळ्यात ६ पॉइंटची पांढरी अक्षरं काढली आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं, तरी ती भरून जातात. श्रेयनामावली तिथे छापायचीच असेल तर अक्षर ८ पॉइंटचं आणि जाड घ्यावं. काळ्यावर साधं मॅट लॅमिनेशन केलं तर नखाचे ओरखडे उठतात. जरा महाग पडलं तरी स्कफ-फ्री फिल्म घ्यावी.

एलपीचं जॅकेट (रेकॉर्डचं बाहेरचं पाकीट) ३१५ बाय ३१५ मिलिमीटर, स्पाइन (कण्याची अरुंद बाजू) ३. चिकटवायच्या पट्ट्या १५ मिलिमीटरच्या, आणि त्या पूर्ण कोऱ्या हव्यात. शाई नाही, लॅमिनेशन नाही, यूव्ही (चकचकीत वार्निश) नाही. फिल्मवर पाण्याचा गोंद धरत नाही, जॅकेट महिनाभरात उघडतं. बोर्डाचा ग्रेन (तंतूंची दिशा) स्पाइनला समांतर ठेवावा, नाहीतर क्रीझवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. स्पाइनचा रंग पुढच्या बाजूपेक्षा वेगळा असला तर क्रीझ अर्धा मिलिमीटर सरकली तरी डोळ्यांत खुपते. दोन्हीकडे एकच रंग वळवून घेतला की प्रश्न मिटतो. चित्रासाठी प्रत्येक बाजूला किमान ३७२० पिक्सेल लागतात, म्हणजे ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). इन्स्टाग्रामवरून उतरवलेलं १०८० पिक्सेलचं चित्र याच मापाला ८७ डीपीआय भरतं, म्हणजे फुटतंच.

जॅकेटला खिडकी कापून आतल्या स्लीव्हचा (रेकॉर्डच्या पातळ पाकिटाचा) रंग दाखवणं ही आमच्याकडे सर्वाधिक मागणी असलेली गोष्ट. बँडच्या संगीतात काही उलगडत जात असेल तर ती फार बोलकी ठरते. पण आतली स्लीव्ह साधारण ३०९ मिलिमीटरची असते, त्यामुळे ती जॅकेटात ५-६ मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. खिडकीतून नेमका डोळा दिसावा अशी रचना केली की दुकानात भुवई दिसते. तिथे पोत, रंग किंवा पुनरावृत्त नक्षी ठेवावी. खिडकी कडेपासून किमान २० मिलिमीटर आत हवी आणि कोपरे गोल हवेत. टोकदार कोपऱ्यापासून बोर्ड फाटत जातो.

फॉइल, एम्बॉसिंग (उठाव), स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चकाकी) यांपैकी एकच निवडा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. तिन्ही एकत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय ऑर्डर लहान असली की तयारीचा खर्चच अंगावर येतो. २८ बाय ४० इंची शीटवर दोन जॅकेटं बसतात, म्हणजे ३०० नगांना १५० शीट, पण रंग जुळेपर्यंत १०० शीट सेटिंगलाच जातात. त्याच शीटवर एका बाजूला सुमारे ३०० मिलिमीटरची पट्टी उरते. गाण्यांच्या शब्दांची कार्डं आम्ही तिथेच बसवतो, कागद फुकट जात नाही आणि बोर्डही तोच मिळतो. रिसो या स्टेन्सिलवरच्या छपाईयंत्राची शाई बोटाला लागत राहते, म्हणून रिसो फक्त आतल्या पानांना.

कॅसेटच्या डबीतलं घडीचं कार्ड, म्हणजे जे-कार्ड, तुलनेने सोपं. दर्शनी भाग ६५ बाय १०२, स्पाइन साडेबारा मिलिमीटर. २५० जीएसएमच्या वर गेलं की डबीचं झाकण नीट बसत नाही.

पावसाळ्यात बोर्ड ओल धरून वाकतो. गठ्ठा प्रेसजवळ दोन दिवस वेष्टनातच ठेवून मगच मशीनवर चढवतो आणि पेस्टिंगनंतर वजनाखाली रात्रभर दाबून ठेवतो. कुरिअरने पाठवताना रेकॉर्ड आतल्या स्लीव्हसकट जॅकेटच्या बाहेर, पाठीमागे ठेवायला सांगतो. आत राहिली तर आपटून वरची शिवण फुटते.

प्रत्येक कामाची डाय (कापण्याचा साचा), बोर्डाची मिल आणि जाडी, शाईचा पँटोन (प्रमाण रंगसूचीतला) क्रमांक आणि पास झालेलं एक शीट आम्ही बँडच्या नावाने जपून ठेवतो. दुसरी आवृत्ती काढायची झाली की डायचा खर्च वाचतो. तेव्हा आम्ही एकच बदल सुचवतो, शाईचा एक रंग किंवा फॉइल. पहिल्या आवृत्तीची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांना फरक लगेच ओळखू येतो.