दोन बोटांची भिंत

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत दोन बिऱ्हाडांमधली भिंत सामायिक असते आणि चांगली हातभर जाड असते. माती, दगड आणि वरून पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना. पलीकडच्या फोडणीनं अलीकडं ठसका लागतो तो खिडकीतून. भिंतीतून काही येत नाही. सहलीच्या जहाजावरच्या दोन खोल्यांमधली भिंत मात्र दोन बोटांची. अलीकडं पत्रा, पलीकडं पत्रा, मधे खनिज लोकर दाबून भरलेली. वरच्या मुलाम्यामुळं ती लाकडाची वाटते, पण लोहचुंबक नेऊन बघा, टच्चकन चिकटतो. (जाताना चार-सहा चुंबकाचे हूक न्यावेतच. खिळा ठोकायची सोय नाही आणि ओल्या टॉवेलला जागा नाही.)

ही खोली बहुतेक जहाजांत कारखान्यातच तयार होते, न्हाणीघरासकट एक अख्खा डबा. मग असे शेकडो डबे जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात. मधली लोकर असते ती आधी आगीसाठी, आवाजासाठी नंतर. त्यामुळं शेजारचं साधं बोलणं बऱ्यापैकी अडतं. तुम्ही कुजबुजत बसायची गरज नाही. अडत नाही ती ठोकर. दार आपटलं, कपाटाचा खण धाडकन लावला, पोरानं पलंगावरून उडी मारली, की तो दणका लोकरीत शिरतच नाही, लोखंडाच्या सांगाड्यातून पळतो आणि तीन खोल्या पलीकडं उठतो. एवढं कळलं की निम्मा शेजारधर्म पाळल्यासारखाच. दाराला ते आपोआप बंद करणारा जड दांडा असतो, कारण ते आग अडवणारं दार आहे. ते सोडून देऊ नका, शेवटच्या वितीला हात लावून टेकवा. रात्रभर टक्-टक् होत असेल तर शेजाऱ्याला शिव्या देण्याआधी आपलंच कपाट उघडा. जहाज डुलायला लागलं की रिकामे हँगर एकमेकांवर आपटतात. त्यांच्यामधे एक टॉवेल कोंबला की गप्प. कपाटाचं दार कुरकुरत असेल तर फटीत दुमडलेला कागद.

शेजारी निवडता येत नाही असं आपण म्हणतो. गल्लीत ते खरं आहे. जहाजावर शेजारी नाही, पण भिंत निवडता येते, आणि ही निवड मुंबईची स्लीपर गाडी पकडण्याच्या कितीतरी आधी, घरी बसून, मजल्यांचा नकाशा पुढ्यात घेऊन करायची असते. नकाशावर काही खोल्यांच्या जोडीमधे बाणाची किंवा तसलीच बारीक खूण असते. त्या दोन खोल्यांमधे आतून दार आहे असा तिचा अर्थ. दार कुलूपबंद असलं तरी दारच ते. लोकरीची भिंत तिथं तुटते. खालच्या फटीतून उजेड येतो, खोकला येतो, पहाटेचा गजर येतो. एका कुटुंबाच्या दोन खोल्या असतील तर यासारखं सुख नाही, आजी-नातवंडं पलीकडं, आई-बाप अलीकडं. परक्यांमधे मात्र ही जोडी टाळावी. मिळालीच तर पहिल्या रात्रीच जाड टॉवेलाची वळकटी करून फटीला लावावी.

नुसती शेजारशेजारची खोली आणि आतून दार असलेली खोली, या दोन वेगळ्या गोष्टी. आरक्षण करणाऱ्याला ‘बाजूबाजूला द्या’ म्हटलं की तो पहिली देतो. दार हवं असेल तर तसं स्पष्ट बोलावं लागतं. आणि स्वस्तात मिळते म्हणून ‘खोली जहाज ठरवेल’ या बोलीवर तिकीट काढलं असेल, तर बारा माणसांच्या चार खोल्या चार मजल्यांवर गेल्या तरी तक्रारीला तोंड नाही.

नकाशात बाजूची खोली बघतात सगळे, वरची-खालची कुणी बघत नाही. वर खुर्च्यांचा मजला असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज ठरलेला. खाली नाच-गाण्याचं सभागृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत पलंगाला ताल. नकाशावर जिथं नुसता पांढरा चौकोन आहे, काही लिहिलेलंच नाही, तिथं बहुधा नोकरमंडळींची भांड्या-गाड्यांची जागा असते, आणि ढकलगाडीची चाकं कुणाच्या झोपेला विचारत नाहीत. नाकाडाकडच्या खोल्यांना नांगराची साखळी ऐकू येते. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर थांबतं आणि माणसं छोट्या होड्यांतून बेटावर जातात. नांगर टाकायचा म्हणजे तो खडखडाट झोपेतून उठवून बसवणारा. धक्क्याला लागतानाही पुढच्या भागात जहाज आडवं सरकवणारे पंखे घुमायला लागतात. हे शेजारी बदलता येत नाहीत. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या आणि जिना-लिफ्टपासून थोडं लांब, अशी मधली खोली मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. हेलकावेही तिथंच कमी.

खोल्या बहुतेकदा आरशातल्यासारख्या उलटसुलट बांधलेल्या असतात. एका बाजूला तुमचं न्हाणीघर नि शेजाऱ्याचं न्हाणीघर पाठीला पाठ, दुसऱ्या बाजूला पलंगाला पलंग. म्हणजे एका शेजाऱ्याचं तुम्हाला पाणी ऐकू येतं, दुसऱ्याचं घोरणं. कानात घालायचे बोळे न्यावेत, आणि जोडीला थोडी नम्रताही, कारण आपलं घोरणं आपल्याला कधीच ऐकू येत नाही.

आता संडास. हसू नका, शेजाराचा खरा धागा इथं आहे. घरच्या टाकीतून एका वेळी सहा-सात लिटर पाणी जातं, जहाजावर लिटरभर. बाकीचं काम हवेच्या ओढीनं होतं. नळ्यांमधली हवा यंत्रानं खेचून ठेवलेली असते. बटण दाबलं की झडप उघडते, ‘घुस्स’ असा मोठा आवाज होतो आणि सगळं ओढलं जातं. आवाज कमी करायचा तर आधी झाकण लावा, मग बटण दाबा. ओळीतल्या बऱ्याच खोल्या एकाच नळीवर असतात, त्यामुळं एकानं ओला रुमाल, पॅड, उरलेलं खाणं किंवा कालच्या पूजेची फुलं आत सोडली की ओढ तुटते आणि अख्ख्या ओळीचे संडास रुसतात. मग मिस्त्री येतो, न्हाणीघरांच्या मागची झडप उघडून बघतो, आणि गुन्हेगार कोण ते ओळीत कुणालाच कळत नाही. निर्माल्य पिशवीत ठेवून घरी न्यावं. समुद्रात टाकायचं नाही, पुण्याचं काम वाटलं तरी. जहाजावरून काहीही खाली टाकायला सक्त मनाई असते.

आपल्याकडच्या गटाची दुसरी खोड म्हणजे जहाजाच्या बोळाची गल्ली करून टाकणं. एका गल्लीतली आठ-दहा घरं मिळून निघाली की पहिल्या तासात सगळी दारं सताड उघडी, चपला दाराबाहेर ओळीनं, आणि या टोकाहून त्या टोकाला ‘काय करूलाय गा? जेवायला चला की!’ शेजारची अक्का कन्नडमधे ‘ऊटा आय्ता?’ (जेवण झालं का?) विचारणार, तिकडून मराठीत उत्तर येणार. ऐकायला गोड. पण बोळ म्हणजे आगीच्या वेळी पळायची वाट. अंधारात, धुरात, हातानं भिंत चाचपत माणसं जातात तेव्हा पायात चप्पल येता कामा नये. चपला आत ठेवा. मुलाची गाडी, आजोबांची चाकांची खुर्ची तीही आत. गप्पांसाठी वर भलीमोठी बैठक असते. बोळ अरुंद आणि दोन्हीकडून पत्र्याचा, तिथलं एक वाक्य वीस दारांत शिरतं.

देवाचं नाव घ्यायला कुणाची ना नाही, पण निरांजन नाही, उदबत्ती नाही, कापूर तर मुळीच नाही. उदबत्तीचा धूर छतातल्या यंत्राला आगीचा वाटतो आणि पाच मिनिटांत दारात सुरक्षारक्षक. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, चहाची विजेची किटली यांनाही सामान तपासतानाच बाजूला काढतात. चौघांचे मोबाइल लावायला नेलेली जाड एक्स्टेन्शन पट्टीही बऱ्याच जहाजांवर ठेवून घेतात, विशेषतः वीज वाढली तर थोपवणारी. जहाजाची वीज घरच्यासारखी जमिनीला जोडलेली नसते, त्यामुळं असली पट्टी तिथं तापू शकते. एकाच्या खोलीतली ठिणगी ही अख्ख्या ओळीची बाब. घरचं शिजवलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत; कारखान्यात बांधलेली बंद पाकिटं सहसा चालतात. म्हणून बेळगावचा कुंदा, आपली खव्याची मिठाई, न्यायचाच असेल तर सीलबंद डब्यातला घ्या, हलवायाकडून कागदात बांधलेला नको. पहिल्या दिवशी शेजाऱ्याच्या हातावर कुंदा ठेवणारा माणूस पुढं काही मागायला गेला तर त्याचं ऐकलं जातं. गोकाकचा करदंट, डिंक-सुक्यामेव्याची वडी, त्याहून टिकाऊ.

बाल्कनीची खोली घेतली की शेजार आणखी जवळ येतो. दोन बाल्कन्यांमधे नुसता पडदेवजा फळा, वर-खाली फट सोडलेली. दोन्ही खोल्या एकाच घरच्या असतील तर खोली आवरणाऱ्या माणसाला सांगून तो उघडून घेता येतो. आपणहून स्क्रू फिरवायचा नाही. समुद्राच्या आवाजावर आपला आवाज चढतो आणि फोनवरची जमिनीची वाटणी तीन बाल्कन्या ऐकतात. बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडलं की वारा सुसाट आरपार जातो आणि ते जड दार असं आपटतं की बोटं सांभाळावीत. ओला टॉवेल कठड्यावर टाकला तर तो खालच्याच्या बाल्कनीत किंवा समुद्रात. विडी-सिगारेट तर लांबच. 23 मार्च 2006 ला ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज कॅरिबियन समुद्रात जमैकाकडं निघालं असताना पहाटे एका बाल्कनीत आग लागली. न विझवता टाकलेलं सिगारेटचं थोटूक हेच त्याचं बहुधा कारण, असं चौकशीत निघालं. बाल्कन्यांमधले फळे तेव्हा प्लॅस्टिकचे होते. ते पेटले आणि आग बघता बघता या बाल्कनीतून त्या बाल्कनीत, या मजल्यावरून त्या मजल्यावर चढली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर नियम बदलले आणि ते फळे न जळणारे झाले. मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’ 1990 चं, फ्रान्समधे बांधलेलं. बाल्कनीचं वेड तेव्हा पसरलेलं नव्हतं, म्हणून त्यात तसल्या खोल्या थोड्या. अशा जहाजावर हा एक ताप वाचतो.

एवढं करूनही पलीकडं रात्री दोनला पत्ते रंगले तर काय? भिंतीवर बुक्की मारायची नाही. पत्र्यावरची बुक्की पलीकडं मेघगर्जनेसारखी पोचते, आणि चौथ्या खोलीतला निरपराध माणूस उठून बसतो. रात्री दारही ठोठावू नये. पीत बसलेल्या माणसाशी त्या वेळी बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. खोलीतल्या फोनवरून स्वागतकक्षाला सांगायचं, शेजारच्या खोलीचा नंबर आणि आवाज कसला एवढंच. ते माणूस पाठवतात, तुमचं नाव निघत नाही. आवाज नेहमीचाच असेल तर मात्र सकाळी, चहानंतर, समोरासमोर: ‘अण्णा, जरा एक सांगू का? रात्री टीव्ही आमच्या उशाशीच लागतो हो. आमच्या आईला झोप नाही. थोडा बारीक केला तर बरं होईल.’ बहुतेकांना आपला टीव्ही दुसऱ्याच्या उशाशी आहे हे माहीतच नसतं. त्यांचं आश्चर्य खरं असतं. आणि आपणही ऐकायची तयारी ठेवावी, कारण पाचला उठून मोबाइलवर मोठ्यानं भूपाळी लावणारे आपल्यातच जास्त. पलीकडचा तीनला झोपलेला असतो. दोन दिवस गेले तरी फरक नाही, तर खोली बदलून मागावी. जहाज भरलेलं असेल तर मिळणार नाही, पण मागण्याची नोंद राहते.

निघण्याआधी सगळ्यांना जमायची जागा दाखवतात; सात छोटे भोंगे नि एक लांब भोंगा वाजला की तिथं जायचं. खोलीच्या दारामागं लिहिलेलं असतं. ओळीतल्या शेजाऱ्यांना बहुधा एकच जागा येते. तिथं नीट बघून ठेवावं, डावीकडच्या खोलीतल्या मावशींना गुडघ्याचा त्रास आहे, उजवीकडच्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे. तीन रात्रींत एवढीच ओळख होते, आणि खरं तर एवढीच लागते.

मोठ्या जहाजांवर शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, रंगीत चिठ्ठी बांधून. मध्यरात्रीनंतर त्या उचलतात आणि सकाळी धक्क्यावर ओळीत मांडतात. सकाळचे कपडे, औषधं आणि ओळखपत्र आधीच हातातल्या पिशवीत काढून घ्यावं, नाहीतर रात्रीच्याच लुंगीवर उतरायची पाळी. आणि बोळातल्या चाळीस बॅगांपैकी तीस काळ्या असतात, त्यातल्या दोन-चार हुबेहूब तुमच्यासारख्या, त्याही नेमक्या शेजाऱ्याच्या. मुठीला एक खणाचा तुकडा बांधून ठेवावा, गुळेदगुड्डचा, लाल काठाचा. दोन गाठी, घट्ट.