मशेरीची डबी

शनिवार, रात्री

आज नको तिथे भाषण ठोकलं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी बाल्कनीत उभ्या राहून हिरडीवर मशेरीचं बोट फिरवत होत्या. मी लगेच मोबाइलवर तोंडाच्या कॅन्सरचे फोटो काढून दाखवले. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात कसं जातं, तेही ऐकवलं. त्यांनी फोटो पाहिले, "अगो बाय" म्हणाल्या, चूळ भरली आणि भांड्यांना लागल्या. नंतर तासभर एक शब्द नाही.

आई असती तर मलाच दटावलं असतं.

लालबागच्या चाळीत आमच्या घरी दर पंधरा दिवसांनी तंबाखू भाजला जायचा. भाकरीतून बाद झालेला तवा, बारीक केलेला स्टोव्ह, त्यावर सुटं पान, काळंकुट्ट होईपर्यंत. खाट उठला की अख्खा मजला शिंकायचा. मग ते हाताने चुरडायचं, धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि डबीत भरायचं. आई सकाळी उंबऱ्यात मशेरी लावत बसली की काहीही विचारा, उत्तर "हंऽ, हंहं". खरं उत्तर मोरीत थुंकून आल्यावर. व्यसन म्हटलेलं तिला खपायचं नाही. दात घासते, त्यात व्यसन कसलं!

तिने मशेरी तीनदा सोडली. पहिल्यांदा बाबांशी पैज लावून, ती तेरा दिवस टिकली. दुसऱ्यांदा चांगले सहा महिने. पण १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा घरी बसले आणि रेशनच्या पिशवीतून पुन्हा पुडी आली. तिसऱ्यांदा गावची एक बाई परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात उपचाराला आली होती, तिला आई रोज पेज घेऊन जायची. बाईला चमचा आत घेता येईना. आई घरी आली, तवा भंगारवाल्याला दिला. डबी मात्र फडताळात ठेवली, रिकामी. का ते तिने कधी सांगितलं नाही.

नंतर चाळीतल्या बायका तिच्याकडे यायला लागल्या. "सोड" हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही. आधी स्वतःची फजिती सांगायची, तीनदा सोडल्याची, पैजेसकट. बायका हसायच्या. मग विचारायची, "दिवसातनं किती येळा लावतेस? त्यातली बिनकामाची कुठली?" ती एक वेळ आधी काढायची. सकाळच्या मशेरीला ती शेवटपर्यंत हात लावायची नाही, कारण मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही प्रत्येकीची खरी अडचण, आणि ती कुणी डॉक्टरांपुढे बोलत नाही. त्यावर आईचा उपाय तांब्याभर कोमट पाणी आणि दहा मिनिटं दम. सगळ्यांना जमलं असं नाही. शेजारच्या काकू तर तिच्याच समोर बसून लावायच्या आणि ती त्यांच्यासाठी चहा टाकायची. तेव्हा मला याचा राग यायचा.

राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखूच्या पाकिटावर आता १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठीचा नंबरही छापतात. पण सुट्ट्या पानाला पाकीटच नसतं, आणि घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

संध्याकाळी मावशी कपडे वाळत घालायला आल्या, तेव्हा मी आईचं सांगितलं. पैज, तेरा दिवस, संप, सगळं. त्या हसल्या. मग विचारलं, "किती वेळा लावता?" त्यांनी बोटं मोजली. पाच.

"त्यातली बिनकामाची कुठली?"

बराच वेळ हातातली उशीची खोळ झटकत राहिल्या. "दुपारची. गाडीची वाट बघताना. उगाच आपली." मग चिमटा लावता लावता म्हणाल्या, "पण सकाळची नाय हां सोडणार, आधीच सांगते ताई."

"नका सोडू," मी म्हटलं.