तुर्भ्यात भेटलेले कोडगूचे काका

रविवारी ट्रान्सहार्बर लोकलला मेगाब्लॉक, म्हणून शनिवारीच निघाले. ठाण्याचा नऊ-दहा नंबरचा फलाट, तुर्भे, तिथून रिक्षाने एमआयडीसी. वाटेत धूळ आणि ट्रक, सांगण्यासारखं काही नाही. मी निघाले होते एका छोट्या कॉफी रोस्टरीत, म्हणजे कॉफी भाजतात तिथे, कपिंग बघायला, म्हणजे कॉफीची चव कशी पारखतात ते बघायला.

वाट्यांत भरड दळलेली कॉफी, वर गरम पाणी, मग चमच्याने सुर्रकन ओढून चव घ्यायची. कुणाला गूळ लागत होता, कुणाला मनुका. भिंतीशी साठीचे एक गृहस्थ उभे होते. कर्नाटकातल्या कोडगूचे (कूर्ग) शेतकरी, वाट्यांतली रोबस्टा जातीची कॉफी त्यांच्याच बागेतली. मालकांनी ओळख करून दिली, टाळ्या वाजल्या आणि सगळे परत वाट्यांकडे वळले. एकानेही त्यांना काही विचारलं नाही. मला त्याचा राग आला, अजून आहे.

मी जाऊन विचारलं, "काका, पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" ते तुटक हिंदीत बोलू लागले आणि तासभर थांबले नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पाऊस हवाच. तो पडला की आठवडा-दहा दिवसांत सगळी बाग फुलांनी पांढरी होते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरा पाऊस आला तर फळ धरतं. तो चुकला की तळ्यातलं पाणी स्प्रिंकलरने द्यायचं, आणि तळं नसेल तर आभाळाकडे बघत बसायचं. ऐन तोडणीत पाऊस आला तर अंगणात वाळत घातलेली फळं कुजतात. 2018 च्या ऑगस्टमध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, तेव्हा त्यांच्या ओळखीतल्या एकाची बाग डोंगरासकट खाली गेली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. माझाच घसा दाटला.

मोबाइलवर त्यांनी बाग दाखवली. फणस, उंबर, शिसवीच्या सावलीत कॉफीची झुडपं. एका बाजूला मात्र सरळसोट सिल्व्हर ओकची रांग आणि त्यावर चढवलेली मिरी. "देशी झाड तोडायला परवानग्या लागतात, सिल्व्हर ओक विकणं सोपं. मुलाची फी त्यातूनच भरली." दाट मिश्र सावलीत माती धरून राहते, ओल टिकते, पक्षी येतात, पण कॉफी थोडी कमी येते. घोडबंदरला झाडं तुटली की आपण सह्यांची मोहीम काढतो. कोडगूतल्या त्या उंबराचा तोटा मात्र काकांनी एकट्याने सोसावा, हे आपण न बोलता गृहीत धरलेलं असतं. मला हे पटत नाही.

दराचंही विचारलं. ब्राझील-व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला, भाव चढले. 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीच्या भावाने 1977 चा उच्चांक मोडला. रोबस्टाही वर गेली. काकांनी कर्ज फेडलं. आणि तोडणारे? ते आसामहून येतात, लाइनीतल्या खोल्यांत राहतात, मजुरी बहुतेक किलोवर. पिकलेली लाल फळंच तेवढी खुडायची, म्हणून त्याच झुडपाशी पुन्हा पुन्हा जायचं. पाच-सहा किलो फळांमागे जेमतेम एक किलो बी हाती येतं. "मजुरी वाढवली मी," काका म्हणाले, "नाहीतर माणसं थांबत नाहीत. पण भाव उतरला की ती कुठून देऊ?"

पाव किलोचं पाकीट घेतलं. महाग होतं. त्यावर बागेची उंची होती, चवीची वर्णनं होती, भाजल्याची तारीख होती. शेतकऱ्याला किलोमागे काय मिळालं, ते नव्हतं. मालकांना म्हटलं, हेही छापा. ते म्हणाले, बघू. पाकीट संपलं की पुन्हा तुर्भ्याला जाईन, तेव्हा परत विचारणार आहे. तुम्ही अशा कुठल्या कपिंगला गेलात तर तुम्हीही विचारा, आणि शेतकरी समोर असेल तर आधी त्याच्याशी बोला.