सिन्नरकडे विहिरीच्या ढिगाऱ्यांवर गारगोट्या शोधताना

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो, संगमनेर मागे टाकून सिन्नरच्या अलीकडे पोचेपर्यंत आठ वाजले. ही वेळ मुद्दाम गाठली होती, कारण ऊन तिरपं असतं तोवरच ढिगाऱ्यात काय चमकतंय ते दिसतं. सूर्याकडे तोंड करून हळूहळू चालायचं. अकरानंतर सगळा दगड एकसारखा करडा दिसायला लागतो. आणि पावसाळा नुकताच संपलेला असला की चिखल धुऊन गेलेला असतो, म्हणून नोव्हेंबर बेस्ट.

स्फटिक म्हटलं की लोकांना खाणच आठवते, मला मात्र विहिरीचे ढिगारे जास्त आवडतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, मग त्यातून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि आतून स्फटिक वाढले. विहीर खणताना हा भोकाभोकांचा मांजऱ्या दगड लागला की तो सगळा वर काठावर येऊन पडतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतल्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचं जगभर नाव आहे, पण खाणीत मालकाची परवानगी, हेल्मेट आणि सुरुंगाची वेळ माहीत असल्याशिवाय पाऊल टाकू नका, कड्याखाली तर उभंच राहू नका.

इथंही आधी विचारायचं. वावरात एक दादा मोटर चालू करत होते.

"दादा, ढिगाऱ्यातले दगड बघू का?"

"बघा की, पण काठावर जाऊ नका, माती भुसभुशीत आहे."

विहिरीला कठडा नव्हता, त्यामुळे आम्ही उताराच्या बाहेरच्या अंगालाच राहिलो.

पहिला तासभर नुसता कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा, चुरा. हिरवट पोपडा असलेला दगड दिसला की थांबा, तो पोकळीच्या आतल्या भिंतीचा असतो. तसाच एक नारळाएवढा अर्धा फुटलेला गोटा मी उलटा केला तर आत कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या बारीक कणांच्या खनिजाची, निळसर साय, त्यावर अपोफिलाइटचे पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक आणि कडेला फिकट गुलाबी स्टिल्बाइट, अगदी गव्हाची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसं. दोन मिनिटं कोणी बोललंच नाही.

दुसरा असाच तुकडा मी घालवला, त्याचं अजून वाईट वाटतंय. जास्तीचा दगड काढायला मोठ्या हातोडीने एक घाव घातला आणि त्या दणक्याने अपोफिलाइट टपाटपा निखळले. हे स्फटिक ठरावीक पातळीत सहज चिरतात, म्हणून जड झालं तरी अख्खा दगड घरी न्या. दगड फोडायचाच असेल तर गॉगल लावून, छिन्नीने, स्फटिकांपासून लांब.

ओळखायचं कसं? गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, सहा बाजूंची आणि काचेवर ओरखडा काढते. अपोफिलाइटचा आडवा छेद चौकोनी, त्यावर चाकूने ओरखडा पडतो, आणि माथा सपाट असेल तर मोत्यासारखी झाक दिसते. पांढरं लॉमॉन्टाइट उचलू नका, घरी वाळल्यावर त्याचं पीठ होतं.

पॅकिंगला आधी टिश्यू, मग पेपर, मग भाजीचं क्रेट. कापसासारखं ओकेनाइट मिळालं तर त्याला बोटसुद्धा लावू नका, बूड धरून डब्यात ठेवा. घरी फक्त पाणी आणि मऊ टूथब्रश. ॲसिडचे व्हिडिओ बघून नादी लागू नका, कॅल्साइट तर विरघळतंच, स्टिल्बाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजंही खराब होतात. आणि गाव, तारीख, विहीर की खाण हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा, दोन महिन्यांनी आठवत नाही. लेणी आणि जंगलखात्याच्या जागेतलं काही उचलायचं नाही.

नवीन असाल तर आधी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम बघा, नजर तयार होते.

निघताना दादांना काय काय घेतलं ते दाखवलं, तर त्यांच्या आईंनी आम्हाला घरी नेलं. तुळशीवृंदावनाभोवती सात-आठ गारगोट्या मांडलेल्या, एकीची टोकं जांभळट. "विहिरीतनं निघाल्या, टाकवेनात," म्हणाल्या. आम्ही फक्त फोटो काढला. शेजारच्या वावरात संक्रांतीनंतर नव्या विहिरीचं काम लागणार आहे, तेव्हा या म्हणाल्या.